सोलापूरहून पहिली परदेश ट्रिप, तीही विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजातली पोरंपोरी हे प्रश्न परत परत विचारतात म्हणून सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो, इथला प्रत्येक हिशोब घरापासून घरापर्यंतचा आहे. नुसतं विमानाचं तिकीट बघून देश ठरवला की बजेट तिथेच फसतं, कारण आपल्याला आधी सोलापूरहून मुंबई नाहीतर हैदराबाद गाठायचं असतं आणि परत यायचं पण असतं.

विद्यार्थ्याला खरंच परवडतं का? एकूण किती लागतात?

परवडतं, पण चार महिने आधी ठरवलं तर. पुढच्या आठवड्यात जायचंय म्हणून आज तिकीट बघायला बसलात तर नाही परवडत.

अंदाज घ्या. नेपाळला रेल्वे आणि बसने गेलात, आठ-नऊ दिवस काढलेत, तर माणशी १२ ते १५ हजारात होतं. थायलंडला पाच रात्री म्हटलं तर ३५ हजारांच्या आसपास धरा. त्यात मुंबईहून जाऊन-येऊन विमान १८ हजार, डॉर्मेटरीतला बेड रोज ३०० ते ५०० बाहत, खाणं रोज ३०० बाहत, तिथला लोकल प्रवास, दोन-तीन तिकिटाची ठिकाणं, सिम, इन्शुरन्स आणि सोलापूर-मुंबई रेल्वे असं सगळं आलं. बाहत अडीच ते तीन रुपयांच्या मधे असतो, तुम्ही तीननेच गुणा म्हणजे हिशोब कमी पडणार नाही. मलेशियाला थोडं कमी, व्हिएतनामला थोडं जास्त लागतं आणि तेही विमानामुळे, बाकी व्हिएतनाम उतरल्यावर लई स्वस्त आहे. या सगळ्यावर ५ हजार वेगळे बाजूला ठेवायचे आणि ते काही झालं तरी शॉपिंगला काढायचे नाहीत, ते अडचणीचे पैसे.

माझ्याकडे पासपोर्टच नाहीये, तिकीट आधी काढू का पासपोर्ट?

पासपोर्ट. हातात पुस्तिका येईपर्यंत तिकीट, हॉस्टेल काहीच बुक करू नका, कितीही ऑफर असू दे. तिकिटात, व्हिसात, सगळीकडे पासपोर्ट नंबर आणि पासपोर्टवरचं नाव लागतं.

फॉर्म सरकारी पासपोर्ट सेवा पोर्टलवरच भरायचा. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या सारख्याच नावाच्या खासगी साइट जास्तीचे पैसे घेतात. १८ वर्षांपुढच्या माणसाला ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये आहे आणि तो १० वर्षं चालतो, तत्काळला वरून २००० जातात. सोलापुरात पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, ते पुण्याच्या पासपोर्ट ऑफिसखाली येतं, म्हणजे त्यासाठी पुण्याला हेलपाटा घालायची गरज नाही. पण अपॉइंटमेंटचे स्लॉट कमी असतात आणि सुट्ट्यांच्या आधी लवकर भरतात, त्यामुळे मे महिन्यात जायचं असेल तर पासपोर्टचं काम दिवाळीतच उरकून टाका.

दहावीचं सर्टिफिकेट ओरिजिनल घेऊन जा. जन्मतारखेसाठी चालतंच, शिवाय दहावी पास असल्याने तुम्ही नॉन-ईसीआरमध्ये येता, नाहीतर काही देशांत नोकरीला जाताना वेगळी परवानगी लागते ती भानगड मागे लागते.

पुण्यात हॉस्टेलला राहतो, पत्ता कुठला टाकू?

पोलिस व्हेरिफिकेशनच्या वेळी तुम्ही जिथे हजर असाल तो. हॉस्टेलचा पत्ता टाकायचा असेल तर कॉलेजचं बोनाफाइड लागतं. सुट्टीत महिनाभर घरी असाल तर सोलापूरचा पत्ता सोपा पडतो. शहरातले असाल तर पोलिस आयुक्तालयाकडून आणि बार्शी, मोहोळ, अक्कलकोटकडचे असाल तर ग्रामीण पोलिसांकडून चौकशी येते. ते आले आणि तुम्ही पुण्यात असलात तर रिपोर्ट उलटा जातो आणि फाइल अडकते.

नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक आहे, चालेल का?

यावर जरा नीट बोलूया, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त गाड्या इथेच अडतात.

आपल्या कागदांवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं असतं, काही ठिकाणी आडनाव पहिलं असतं. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आणि कन्नड घरांतही आडनाव पुढे लिहायची पद्धत आहे. मग आधारवर एक क्रम, दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरा, पॅनवर तिसराच. पासपोर्टला जायच्या आधी आधार आणि दहावीचं सर्टिफिकेट शेजारी ठेवून एक-एक अक्षर जुळवा. ‘शिवाजी’मध्ये शेवटी आय एक का दोन, ‘श्री’मध्ये दोन ई का एक आय, असं सगळं. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या, आधारची दुरुस्ती तशी सोपी असते, बोर्डाची अवघड.

पासपोर्टवर दोन रकाने असतात, एक आडनाव आणि एक दिलेलं नाव. दिलेल्या नावात साधारण तुमचं आणि वडिलांचं असं दोन्ही येतं. विमानाचं तिकीट काढताना फर्स्ट नेममध्ये हे पूर्ण टाकायचं आणि लास्ट नेममध्ये आडनाव, पासपोर्टवर आहे तसंच. घरचं लाडाचं नाव, शॉर्ट फॉर्म काहीच नाही. आणि आडनावाचा रकाना रिकामा सोडून पासपोर्ट काढू नका. यूएईने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकेरी नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाने येणाऱ्यांना प्रवेश बंद केला, तेव्हा बऱ्याच जणांची अडचण झाली.

पहिल्यांदा जायचंय तर कुठला देश घ्यावा?

माझं मत विचाराल तर हातात १५ हजार असतील तर नेपाळ, ३०-३५ असतील तर मलेशिया किंवा थायलंड, त्याच्या वर असतील तर व्हिएतनाम. युरोपचं डोक्यातून काढा. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाची फीच मोठी, वर बँक स्टेटमेंट आणि दहा कागद, पाच-सहा दिवसांसाठी तो खर्च करण्यात अर्थ नाही.

भूतान जवळ आहे आणि सुंदर आहे, पण भारतीयांना तिथे दर माणशी दर रात्री १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे. पाच रात्रींचे ६००० नुसते फीमध्ये जातात, वर भूतानच्या सीमेजवळच्या हासीमारा स्टेशनपर्यंत जाणारी लांबची रेल्वे. कमी बजेटच्या पहिल्या ट्रिपला नको.

मलेशियाचं लोकांना सुचतच नाही, पण सोलापूरकरांना तो सगळ्यात सोपा देश आहे असं मला वाटतं. क्वालालंपूरला तमिळ वस्ती मोठी आहे, इडली-डोसा-भात सगळीकडे मिळतो, इंग्रजी चालतं, लोकल ट्रेन आणि मेट्रोने शहर फिरता येतं, बाटू केव्हजच्या २७२ पायऱ्या चढून गुहेतल्या देवळात जायला तिकीट नाही. भाषेची आणि खाण्याची भीती असलेल्यांनी इथूनच सुरुवात करावी.

नेपाळला आधार कार्डवर जाता येतं का?

नाही ओ. व्हिसा लागत नाही हे बरोबर, पण ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. १५ ते ६५ वयाच्या माणसाला विमानाने जाताना आधार चालत नाही, काउंटरवरूनच परत पाठवतात. १८ पूर्ण झाली असतील आणि पासपोर्टला वेळ असेल तर मतदार कार्ड काढून घ्या.

स्वस्त रस्ता असा, पुणे किंवा कल्याणहून गोरखपूरची गाडी धरायची, स्लीपरचं तिकीट हजाराच्या आत येतं, प्रवास दीड दिवसाच्या आसपास. गोरखपूरहून सोनौली बॉर्डर बस किंवा जीपने साधारण १०० किलोमीटर, बॉर्डर चालत ओलांडायची आणि पलीकडून पोखरा किंवा काठमांडूची बस. लुंबिनी बॉर्डरपासून जवळच आहे, ते आधी करून घ्या म्हणजे परत उलटं यावं लागत नाही. भारतीय १ रुपयाचे नेपाळी १.६० हा दर ठरलेला आहे, त्यात घासाघीस नाही, कुणी दीड सांगितलं तर पुढच्या दुकानात जा. आपल्या १०० च्या नोटा जास्त घेऊन जा. मोठ्या नोटांचे तिथले नियम बदलत आलेत आणि दुकानदार कटकट करतात. बऱ्याच ठिकाणी आपलं यूपीआय क्यूआरवर चालतं, पण डोंगरात नेटवर्क गेलं की रोखच लागते.

व्हिसाचं काय?

नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश सुरू केला. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला आणि त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. व्हिएतनामला ई-व्हिसा लागतो, सिंगल एन्ट्रीचे २५ डॉलर, घरी बसून ऑनलाइन. श्रीलंकेला ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी आहे. हे नियम सरकारं वर्षा-दोन वर्षांत फिरवतात, त्यामुळे तिकिटाचे पैसे भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी साइटवर परत एकदा बघायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या यादीवर जायचं नाही.

व्हिसा नाही म्हणजे काहीच भरायचं नाही असंही नाही. थायलंडला १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं आणि मलेशियालाही तसंच कार्ड आहे, दोन्ही पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायची, दोन्ही पूर्ण फुकट. पैसे मागणारी साइट दिसली तर ती चुकीची, लगेच बंद करा. व्हिएतनामच्या ई-व्हिसाचंही तेच. सरकारी साइटची हुबेहूब नक्कल केलेल्या साइट दुप्पट-तिप्पट घेतात आणि फॉर्ममध्ये नाव चुकलं तर कुणी वाली नसतो. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक असली पाहिजे, हे सगळीकडेच धरून चला.

विमान मुंबईहून घ्यायचं का हैदराबादहून?

दोन्ही बघा. आपल्या माणसाचं डोकं आपोआप मुंबईकडे जातं, पण सोलापूरहून हैदराबाद ३०० किलोमीटर आहे आणि मुंबई ४००. क्वालालंपूर, बँकॉकच्या स्वस्त फ्लाइट हैदराबादहूनही असतात आणि कधीकधी दोन-तीन हजारांनी कमी पडतात. बेंगळुरू आणि चेन्नईचे दर पण टाकून बघा, सोलापूरहून उद्यान एक्सप्रेससारख्या गाड्यांनी बेंगळुरूला थेट जाता येतं. पुण्याहून मोजक्याच आंतरराष्ट्रीय फ्लाइट आहेत, दर बरा दिसला तर पुणं सगळ्यात सोयीचं. होटगी रोडचं आपलं विमानतळ सुरू झालंय पण तिथून देशातल्या देशातच जाता येतं.

तुलना करताना तिकिटाच्या दरात चार गोष्टी मिळवायच्या, तिथपर्यंतची रेल्वे, स्टेशनवरून विमानतळ, रात्री कुठे थांबावं लागणार असेल तर ते, आणि परतीचंही हे सगळं. मुंबईसाठी सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्रभरात पोहोचवते, झोप पण होते आणि लॉजचा खर्च वाचतो. सीएसएमटीहून आता भुयारी मेट्रोने थेट विमानतळाच्या टी-२ (टर्मिनल २) च्या स्टेशनपर्यंत जाता येतं, टॅक्सीचे सात-आठशे वाचतात. शमशाबादला हैदराबाद शहरातून विमानतळाच्या पुष्पक बस आहेत. नवी मुंबईचं विमानतळ पण सुरू झालंय, तेव्हा तिकिटावर मुंबई आहे का नवी मुंबई ते डोळ्यात तेल घालून वाचा.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. विमानाचं तिकीट निघालं की ती तारीख मोबाइलमध्ये लावून ठेवा आणि त्या दिवशी सकाळी आठला तिकीट काढा, कारण सिद्धेश्वरला वेटिंग लवकर लागतं. आणि रेल्वे आणि विमानाच्या मध्ये किमान सात-आठ तास ठेवा. पावसाळ्यात घाटात गाडी अडकली की दोन तास कुठे जातात कळत नाही, आणि विमान काही आपल्यासाठी थांबत नाही.

साइटवर ४९९९ चं तिकीट दिसतंय, खरं असतं का?

ते एका बाजूचं असतं आणि बॅगेशिवाय असतं. आता हे कसं वाढत जातं बघा. पहिल्या पानावर ४९९९. पुढच्या पानावर टॅक्स. मग १५ किलोची चेक-इन बॅग, ती आधीच टिक केलेली पण असू शकते. मग सीट निवडा, खिडकी हवी तर ४००. मग जेवण. मग ‘फ्लेक्सी’ नावाचं काहीतरी. मग इन्शुरन्स. शेवटी पेमेंटच्या पानावर कन्व्हीनियन्स फी. आकडा आठ-नऊ हजारावर गेलेला असतो आणि तोपर्यंत आपण इतके थकलेलो असतो की भरून टाकतो.

प्रत्येक पानावर नको ते काढत जा. सीट निवडली नाही तरी सीट मिळते. पाच-सहा दिवसांना ७ किलोची केबिन बॅग पुरते, तीन टी-शर्ट, एक पॅन्ट अंगावर एक बॅगेत, हॉस्टेलला धुवायची सोय असते. चार जण असाल तर चौघांत मिळून एकच चेक-इन बॅग घ्या. आणि केबिन बॅग घरीच वजनकाट्यावर ठेवून बघा, स्वस्त एअरलाइन काउंटरला वजन करतात आणि तिथे लावलेला किलोचा दर फार महाग पडतो.

कधी जावं?

दिवाळीच्या सुट्टीत सगळा देश निघालेला असतो, तिकीट दुप्पट. परीक्षा संपल्या संपल्या मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये जमत असेल तर थायलंड-मलेशियाला दर उतरलेले असतात, पाऊस असतो पण दिवसभर नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, त्यामुळे तिथल्या उकाड्याला घाबरायचं काही कारण नाही. नेपाळला हिमालय नीट दिसायला ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला, जुलै-ऑगस्ट अजिबात नको, दरडी कोसळतात. मंगळवार-बुधवारची उड्डाणं शुक्रवारपेक्षा स्वस्त असतात.

एजंटकडून पॅकेज घेतलं तर सोपं नाही का?

आईबाबांना घेऊन जायचं असेल तर घ्या. विद्यार्थ्यांना पॅकेजमध्ये हॉटेल, गाडी, गाइड आणि बळंच घातलेली दुकानं या सगळ्याचे पैसे पडतात. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आयकर, पण कापतात, तो आयकर रिटर्न भरून परत मागता येतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात. विमान आणि हॉस्टेल स्वतः बुक केलं तर हा टीसीएसचा विषयच येत नाही. एजंटकडूनच घ्यायचं ठरलं तर पैसे भरल्यावर पीएनआर मागा आणि तो एअरलाइनच्या साइटवर स्वतः टाकून बघा. पीएनआर द्यायला टाळाटाळ झाली तर समजून जा.

पैसे कसे न्यायचे? कार्ड, रोख का यूपीआय?

तिन्ही थोडं थोडं. आपल्या साध्या डेबिट-क्रेडिट कार्डवर परदेशात साधारण साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचा वरचा चार्ज, आणि त्यावर जीएसटी लागतो. झिरो मार्कअप कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड (परदेशी चलन आधीच भरून ठेवायचं कार्ड) मिळत असेल तर तेच घ्या, आणि निघायच्या आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करा, ही गोष्ट तिथे जाऊन ओटीपी येत नसताना करायची नाही. थायलंडच्या एटीएममध्ये दर वेळी २२० बाहत किंवा जास्त चार्ज पडतो, म्हणून हजार-हजार काढत बसू नका, एकदाच काढा. मशीनवर किंवा दुकानात ‘रुपयांत पैसे घेऊ का’ असं विचारलं तर नाही म्हणायचं, तिथल्याच चलनात घ्यायला सांगायचं. रुपयांत घेतलं की दर ते लावतात आणि तो आपल्याला महागात पडतो.

रोख डॉलर किंवा बाहत रिझर्व्ह बँकेचं लायसन असलेल्या मनी चेंजरकडूनच, पॅन दाखवून, पावती घेऊन. विमानतळावर सगळ्यात वाईट दर असतो. भारतीय रोख २५ हजारांपर्यंतच बाहेर नेता येते.

यूपीआय नेपाळ, भूतान, श्रीलंका, सिंगापूर अशा काही ठिकाणी चालतं, पण सगळ्या दुकानांत नाही आणि सगळ्या अ‍ॅपवर नाही. त्याच्या भरवशावर रिकाम्या खिशाने निघू नका. व्हिएतनामला आकडे बघून गोंधळ होतो, ३०० डोंग म्हणजे साधारण १ रुपया, २० हजारची आणि ५ लाखाची नोट दोन्ही निळसर असतात, संध्याकाळी अंधारात देताना शून्य मोजून द्या.

राहायचं कुठे? मुलींसाठी हॉस्टेल सेफ असतं का?

हॉस्टेल म्हणजे एका खोलीत सहा-आठ बेड, लॉकर आणि सामायिक बाथरूम. मुलींसाठी वेगळी डॉर्म बहुतेक ठिकाणी असते, शंभर-दीडशे रुपये जास्त गेले तरी तीच घ्या. रिव्ह्यू वाचताना एकूण रेटिंगवर जाऊ नका, नुकतेच लिहिलेले आणि एकट्या गेलेल्या मुलींनी लिहिलेले वाचा, त्यात रात्री रिसेप्शनला कोणी असतं का, रस्त्यावर उजेड आहे का हे कळतं. कुलूप स्वतःचं न्या. दोघी-तिघी असाल तर डॉर्मपेक्षा छोटी खोली कधीकधी तेवढ्यातच पडते, हिशोब करून बघा.

जागा निवडताना मेट्रो स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत घ्या. बँकॉकला डॉन मुआंग विमानतळाहून ए-१ बस ३० बाहतमध्ये मो चितच्या स्टेशनला सोडते, सुवर्णभूमी विमानतळाहून रेल्वे ४५ बाहतमध्ये फाया थाय स्टेशनला. हॉस्टेल लांबच्या गल्लीत घेतलं तर वाचवलेले पैसे टॅक्सीत जातात.

मी पूर्ण शाकाहारी आहे, खाऊ काय? आई चटणी-भाकरी बांधून देते म्हणते, नेऊ का?

नक्की न्या. कडक भाकरी आणि शेंगा चटणी आठ दिवस टिकते, सकाळचा नाश्ता त्यावर होतो आणि पैसे वाचतात. फक्त चटणी चेक-इन बॅगेत ठेवा, तिखट असलेल्या पुड्या केबिनमध्ये अडवतात. नीट पॅक केलेली, सीलबंद असली तर जास्त बरं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊच नका, विमानात त्यावर बंदी आहे. आणि एक महत्त्वाचं, सिंगापूर आणि यूएईमध्ये खसखशीवर बंदी आहे. आपल्या घरच्या काळ्या मसाल्यात खसखस असते. फ्लाइट दुबई किंवा सिंगापूरहून बदलून जाणार असेल तर मसाला घरीच ठेवा, आईला खसखशीचं आधी सांगा.

तिथे मिळतंही भरपूर. व्हिएतनाममध्ये पाटीवर ‘चाय’ लिहिलेली हॉटेलं शाकाहारी, त्याचा आपल्या चहाशी काही संबंध नाही. थायलंडला पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ असतं तिथे मांसमच्छी नसते, नाहीतर साध्या भाजीतही माशाचा सॉस घालतात. नेपाळला डाळभात, परत परत वाढतात.

तिथे स्कूटर भाड्याने घेऊ का?

लायसन नसेल तर नाहीच. असेल तरी इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, ते आरटीओतून १००० रुपयांत मिळतं आणि वर्षभर चालतं. थायलंडमध्ये ते मान्य आहे. व्हिएतनाममध्ये आपलं भारतीय परमिट चालत नाही, कारण आपलं १९४९ च्या करारानुसार आहे आणि ते १९६८ चा करार मानतात. दुकानदार काहीही न विचारता चावी देतो, पण अपघात झाला तर इन्शुरन्स एक रुपया देत नाही. हाड मोडलं तर तिथल्या हॉस्पिटलचं बिल ट्रिपच्या दहापट येऊ शकतं. बसने फिरा की ओ.

ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्यावाच का?

घ्या. आठवड्याचा पाच-सहाशे रुपयांत येतो. तिकिटासोबत चिकटवलेला नको, वेगळा घ्या आणि त्यात हॉस्पिटलचा खर्च किती कव्हर आहे ते वाचा.

इमिग्रेशनला काय विचारतात? लई टेन्शन येतंय.

आपल्या विमानतळावर कुठे चाललात, किती दिवस, काय करता, खर्च कोण करतंय एवढंच. खरं, थोडक्यात सांगायचं. कॉलेजचं ओळखपत्र आणि बोनाफाइड जवळ ठेवा. परतीचं तिकीट, हॉस्टेलचं बुकिंग, इन्शुरन्स, व्हिसा किंवा अरायव्हल कार्ड, आणि घरच्यांनी खर्च केला असेल तर त्यांचं दोन ओळींचं पत्र, हे सगळं एका प्लॅस्टिक फोल्डरमध्ये प्रिंट काढून ठेवा. मोबाइल डिस्चार्ज झाला तरी कागद बोलतो. उतरल्यावरही परतीचं तिकीट आणि पैसे विचारू शकतात, म्हणून एकेरी तिकिटावर जाऊ नका. तीन तास आधी पोहोचा.

घरचे तयारच होत नाहीत.

त्यांची भीती खरी असते, तिला उडवून लावू नका. तारखा, गाडीचा नंबर, हॉस्टेलचा पत्ता आणि फोन, सोबत कोण कोण, त्यांच्या घरच्यांचे नंबर, एकूण खर्च आणि तो कुठून येणार, असं एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा. सोबतच्या पोरांच्या आईबाबांना एकमेकांशी बोलू द्या. रोज रात्री एका ठरलेल्या वेळी फोन करेन म्हणा आणि करा. आधी गोव्याला किंवा हंपीला स्वतःच्या नियोजनाने जाऊन आलात तर निम्मं काम तिथेच होतं.

ओळखीचा एक जण म्हणतो थायलंडचं तिकीट फुकट देतो, तिथे कॉम्प्युटरवर काम आहे.

जाऊ नका. मित्राने सांगितलं तरी जाऊ नका. बँकॉकला उतरवून पुढे म्यानमारच्या म्यावाड्डीकडे सीमेपलीकडे नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन फसवणुकीची कामं करायला लावतात. परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ पासून याबद्दल इशारे दिलेत आणि कित्येक भारतीय पोरांना सोडवून आणावं लागलंय. तसंच विमानतळावर कुणी ‘एवढं पार्सल माझ्या भावाला द्या’ म्हणालं तर हात पण लावू नका, कितीही गरीब चेहरा केला तरी.

सिम इथून घेऊ का तिथून?

फोनला ई-सिम चालत असेल तर निघायच्या आधी घ्या, नाहीतर तिथे उतरल्यावर. आपलं सिम पण फोनमध्ये राहू द्या, बँकेचे ओटीपी त्यावर येतात. शहराचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

पासपोर्ट हरवला तर?

आधी जवळच्या पोलिस ठाण्यात तक्रार करून तिची प्रत घ्यायची, मग भारतीय दूतावास गाठायचा. तिथे परतीसाठी इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, तो एकाच बाजूच्या प्रवासाचा कागद असतो. त्यासाठी पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स, दोन-चार फोटो आणि तिकिटाची प्रत लागते, म्हणून हे पासपोर्टपासून वेगळ्या बॅगेत ठेवायचं आणि एक फोटो घरच्यांना पाठवून ठेवायचा. दूतावासाचा इमर्जन्सी नंबर निघायच्या आधीच कागदावर लिहून घ्या. शनिवार-रविवार दूतावास बंद असतो, त्यामुळे शुक्रवारी हरवला तर परतीचं विमान चुकू शकतं, आणि मघाशी बाजूला ठेवायला सांगितलेले ५ हजार लागतात ते अशा वेळी.